पाच सू, पाच सेंट आणि खोटे नाणे : सहप्रवासाच्या इतिहासाचा एक शब्दार्थविचार

१

अनोळखी माणसाला माणूस आपल्या मोटारीत का घेतो, आणि अनोळखी माणसाच्या मोटारीत माणूस का बसतो, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने हाती घ्यावा असा प्रथमदर्शनी वाटत नाही. अर्थशास्त्रज्ञ त्याचे उत्तर एका वाक्यात देईल : खर्च वाटला जातो म्हणून. नीतीचा उपदेशक दुसऱ्या वाक्यात देईल : परोपकारबुद्धीमुळे. परंतु या दोन्ही उत्तरांनी एक गोष्ट उलगडत नाही. खर्च वाचविण्याची इच्छा आणि परोपकाराची बुद्धी या दोन्ही वृत्ती माणसात सर्वकाळ असतात. सहप्रवासाची प्रथा मात्र एखाद्या दशकात भरभराटीस येते आणि पुढच्या दशकात पाहता पाहता ओसरते. एखाद्या शहरात ती पन्नास वर्षे टिकते आणि शेजारच्या शहरात रुजतच नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखक भाषेच्या वाटेने आला, हे आरंभीच सांगितले पाहिजे. ज्या व्यवहारात नाते संदिग्ध असते तेथे त्या नात्याचे नाव काय पडते याला महत्त्व असते. गाडीत शेजारी बसलेला माणूस पाहुणा की गिऱ्हाईक, सोबती की भाडेकरू, हे ज्या शब्दाने ठरते तो शब्द इतिहासाचे साधन मानावयास हरकत नाही. पुढील विवेचनात मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सहप्रवासाचा इतिहास घेतला आहे. कारण तेथे या प्रथेचे चढउतार, त्यांची कारणे व त्यांची नावे ही तिन्ही स्पष्टपणे पाहावयास मिळतात. अखेरीस आपल्याकडील व्यवहाराशी त्याचा कोणता संबंध पोहोचतो हे पाहिले आहे.

२

मोटारीचा शोध लागण्यापूर्वीचा एक प्रसंग प्रथम ध्यानात घ्यावा. १६६२ सालच्या मार्च महिन्याच्या १८ तारखेस पॅरिस येथे ठरावीक मार्गाने धावणाऱ्या सामायिक घोडागाड्यांची सेवा सुरू झाली. तिचा जनक म्हणजे प्रसिद्ध गणितज्ञ व तत्त्वचिंतक ब्लेझ पास्काल. आठ जणांची बैठक असलेली गाडी भरो वा न भरो, ठरल्या वेळी निघत असे. जागेचे मोल पाच सू, म्हणून या गाड्यांचे नावही 'पाच सूच्या गाड्या' असेच पडले. मात्र सैनिक, नोकरचाकर व कष्टकरी यांना तीत बसण्यास पॅरिसच्या न्यायसभेने मनाई केली होती. हा उपक्रम सुमारे पंधरा वर्षांत बंद पडला.

येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, वाहनाचे नाव त्याच्या आकारावरून वा मार्गावरून न पडता नाण्यावरून पडले. दुसरी, कोणाशेजारी बसावयाचे याची भीती कायद्यात उतरली. ही भीती नाहीशी करण्याचा दावा ज्या शब्दाने केला तो पुढे १८२६ च्या सुमारास फ्रान्समधील नांत या गावी रूढ झाला. तो शब्द 'ऑम्निबस'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'सर्वांसाठी' असा होतो. संस्कृतात 'सर्वेभ्यः' म्हणावे तसाच. आज आपण ज्याला 'बस' म्हणतो तो या शब्दाचा केवळ विभक्तिप्रत्यय असून संस्कृतातील 'भ्यस्' या प्रत्ययाचा तो सगोत्र आहे. 'सर्व' गळून पडले आणि 'साठी' तेवढे शिल्लक राहिले, हा भाषेचा एक खेळच म्हणावयाचा.

३

खाजगी मोटारीत परक्यांना घेण्याची प्रथा अमेरिकेत प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसते ती १९१४ साली, लॉस एंजेलिस शहरात. फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' ही मोटार १९०८ साली बाजारात आली होती आणि तिची किंमत वर्षानुवर्षे उतरत जाऊन ती मध्यमवर्गीयांच्या आटोक्यात आली होती. १९१४ हे मंदीचे वर्ष होते. ट्रामचे भाडे पाच सेंट. ट्राम संथ आणि गर्दीने भरलेली. अशा वेळी मोटारवाले ट्रामच्याच रस्त्यावरून, ट्रामच्याच भाड्यात, थांब्यावरील उतारूंना उचलू लागले. पाच सेंटच्या नाण्याला बोलभाषेत 'जिटनी' म्हणत. या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. नाण्याचे हे नाव प्रथम भाड्याला आणि मग गाडीलाच लागले. पास्कालच्या गाड्यांनंतर अडीचशे वर्षांनी, दुसऱ्या खंडात, दुसऱ्या भाषेत, नामकरणाची तीच क्रिया घडली.

रॉस एकर्ट व जॉर्ज हिल्टन या अभ्यासकांनी १९७२ साली जिटनीच्या इतिहासाचा जो परामर्श घेतला त्यात १९१५ साली देशभर सुमारे ६२,००० जिटन्या धावत होत्या असा अंदाज दिला आहे. १९१८ पर्यंत ही संख्या सहा हजारांच्याही खाली आली. ही घसरण उतारूंच्या अनिच्छेमुळे झाली नाही. ट्राम कंपन्या नगरपालिकांना कर भरीत, रस्त्यांच्या फरसबंदीचा भार उचलीत. त्यांचे उत्पन्न घटताच त्यांनी नगरपालिकांकडे धाव घेतली. परवाना, जामीनरक्कम, नेमून दिलेला मार्ग आणि दिवसाकाठी अमुक तास गाडी चालविण्याची सक्ती, अशी बंधने एकामागून एक आली.

यांपैकी शेवटचे बंधन आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. जिटनीवाल्यांत दोन प्रकारचे लोक होते. मंदीत काम गेल्यामुळे दिवसभर गाडी चालवून पोट भरणारे एक. आणि स्वतःच्या कामावर जाताना व येताना दोनचार जणांना वाटेत घेणारे दुसरे. तासांची सक्ती झाली तेव्हा हे दुसऱ्या प्रकारचे लोक एकदम बाद झाले. नोकरीवर जाणारा मनुष्य दिवसभर गाडी कशी चालविणार? कायद्याला धंदेवाईक ओळखता येत होता आणि स्नेही ओळखता येत होता; परंतु वाटेवरच्या माणसाकडून एक नाणे घेऊन त्याला सोबत नेणारा हा तिसरा मनुष्य कोण, हे सांगणारा शब्द कायद्याजवळ नव्हता. ज्याला नाव नाही त्याला संरक्षणही मिळाले नाही.

४

पुढचा चढ आला तो दुसऱ्या महायुद्धात, आणि तो सरकारने आणला. १९४२ च्या आरंभीच्या महिन्यांत मलाया व डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेल्याने अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा नव्वद टक्क्यांहून अधिक पुरवठा तुटला. त्याच वर्षी जानेवारीत टायरांवर नियंत्रण आले, आणि १ डिसेंबरपासून पेट्रोलचे रेशनिंग देशभर लागू झाले. या रेशनिंगचा मुख्य हेतू पेट्रोल वाचविण्याचा नसून टायर वाचविण्याचा होता, हे आज अनेकांना ठाऊक नसते. गाडी कमी धावली की रबर कमी झिजेल, असा तो हिशेब होता. कमाल वेगही ताशी ३५ मैलांवर आणला गेला.

याच काळात शेजाऱ्यांनी व सहकाऱ्यांनी मिळून 'मोटार-सहभाग मंडळे' काढावीत असा प्रचार सुरू झाला. १९४३ सालचे वायमर पर्सेल याचे भित्तिचित्र त्यात सर्वाधिक गाजले. एक गृहस्थ ऐटीत एकटाच मोटार हाकीत आहे आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हिटलरची आकृती पांढऱ्या रेषांत उमटली आहे. एकटे जाल तर हिटलरला सोबत न्याल, असा त्याचा आशय. या चित्रात सहप्रवास ही काटकसर उरली नाही. ते कर्तव्य झाले, आणि एकटेपणा हा जवळजवळ द्रोह ठरला. शेजारचा माणूस आता पाच सेंटचा उतारू नव्हता, तो देशबांधव होता.

नाते इतके उंचावले तरी ते टिकले मात्र नाही. १५ ऑगस्ट १९४५ रोजी पेट्रोलचे रेशनिंग उठले, वर्षअखेरीस टायरांचेही उठले, आणि त्यानंतरच्या दशकांत उपनगरे व महामार्ग यांच्या वाढीबरोबर एकट्याने मोटार हाकणे हीच रीत झाली. कर्तव्याच्या भावनेने आरंभिलेला व्यवहार कर्तव्याचे कारण संपताच संपतो, एवढा निष्कर्ष येथे काढता येतो.

५

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब तेलोत्पादक राष्ट्रांनी निर्यातबंदी केली आणि १९७४ च्या आरंभापर्यंत खनिज तेलाची किंमत सुमारे चौपट झाली. त्या वेळी सहप्रवासाचा पुन्हा पुरस्कार झाला. याच वर्षी, परंतु बंदीच्या काही महिने आधी, मिनेसोटातील थ्री-एम कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सहा व्हॅन घेऊन सामायिक प्रवासाची योजना सुरू केली होती. म्हणजे तेलाचा तुटवडा हे या योजनेचे मूळ कारण नव्हे.

अमेरिकेच्या जनगणनेनुसार १९८० साली कामावर जाणाऱ्यांपैकी १९.७ टक्के लोक मोटार वाटून घेऊन जात. १९९० साली हे प्रमाण १३.४ टक्के, २००० साली १२.२ टक्के, आणि २०१९ च्या पाहणीत सुमारे ९ टक्के आढळले. तेल स्वस्त झाले, घरटी मोटारी वाढल्या, कामाची ठिकाणे विखुरली. ओहोटीची ही कारणे सर्वमान्य आहेत. परंतु या सार्वत्रिक ओहोटीतही एके ठिकाणी सहप्रवास वाढत राहिला, आणि तोही सरकारी योजनेवाचून, संघटनेवाचून, जाहिरातीवाचून.

६

ते ठिकाण म्हणजे राजधानी वॉशिंग्टनच्या दक्षिणेकडील व्हर्जिनियाची उपनगरे. तेथील शर्ली महामार्गावर बसगाड्यांसाठी राखून ठेवलेल्या मार्गिका १९७३ च्या अखेरीस चार वा अधिक माणसे असलेल्या मोटारींनाही खुल्या झाल्या. शेजारच्या मार्गिकांत मोटारींची रांग मुंगीच्या पावलाने सरकत असताना या मार्गिकांतून मात्र भरधाव जाता येई. एकट्या मोटारवाल्याला तीन माणसे हवी होती. आणि बसथांब्यावर माणसे उभीच होती. मोटारवाले थांब्यावर येऊन त्यांना नेऊ लागले. १९८९ साली चारांची अट तीनांवर आली आणि मोटारवाल्याचे काम आणखी सोपे झाले.

या उतारूंचे नाव पडले 'स्लग'. इंग्रजीत हा शब्द गोगलगाईच्या एका जातीलाही लावतात. पण त्याचा येथे संबंध नाही. भाड्याच्या पेटीत नाण्याऐवजी टाकल्या जाणाऱ्या खोट्या चकतीलाही 'स्लग' म्हणतात. थांब्यावर उभा असलेला माणूस बसचा उतारू दिसतो, बस थांबते, आणि हा मात्र मोटारीची वाट पाहत असतो. तेव्हा बसचालकांनी त्याला 'खोटे नाणे' म्हटले, अशी परंपरा सांगितली जाते. निंदेचे हे नाव त्या लोकांनीच पुढे आनंदाने स्वीकारले. पाच सू आणि पाच सेंट यांच्या मालिकेत हे तिसरे नाणे. पहिली दोन नाणी गाडीचे मोल सांगत होती. तिसऱ्याने मोलच नाही असे सांगितले. कारण येथे कोणी कोणाला पैसे देत नाही.

या व्यवहाराचे नियम कोणी छापून लागू केले नाहीत, तरी ते सर्वांना पाठ असतात. रांगेतील क्रम मोडावयाचा नाही. मोटारवाला मुक्कामाचे नाव पुकारतो, त्या बाजूचे पहिले दोघे बसतात. उतारूने आपण होऊन बोलणे काढावयाचे नाही; खिडकीची काच वा रेडिओ यांना हात लावावयाचा नाही; खाणे व धूम्रपान वर्ज्य. पैसे द्यावयाचे नाहीत, भेटवस्तूही नाही. उतरताना आभार मानावयाचे. रांगेत एकटी स्त्री मागे राहणार असेल तर तिला तशी सोडून जावयाचे नाही. स्प्रिंगफील्ड येथील एका रांगेचे नाव तेथील उपाहारगृहावरून 'बॉब्ज' असे पडले. उपाहारगृह बंद झाले, रांगेचे नाव तेच राहिले. स्थलनामांच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. पण रीत किती खोल रुजली होती याचा हा पुरावा आहे.

युद्धकाळात देशबांधव म्हणवणारे जे करू शकले नाहीत ते एकमेकांशी न बोलणाऱ्या या लोकांनी कित्येक दशके केले. याचे कारण असे दिसते की येथे दोघेही एकमेकांना काही देत नाहीत. मोटारवाला आपली रिकामी जागा घालतो, उतारू आपले डोके घालतो, आणि दोघांना मिळून जे हवे ते रस्त्याकडून मिळते. उपकार करणारा कोणी नाही, म्हणून उपकृतही कोणी नाही. मौनाचा नियम हा तुटकपणा नव्हे. कोणावर स्नेहाचेही ऋण चढू नये यासाठी घेतलेली ती दक्षता होय.

या निष्कर्षाची उलट बाजूने परीक्षा पश्चिम किनाऱ्यावर झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर अशीच प्रथा १९७० च्या दशकापासून होती. तीन माणसांच्या मोटारीला तेथे पथकर माफ असे. १ जुलै २०१० पासून अशा मोटारीकडूनही अडीच डॉलर घेतले जाऊ लागले. रक्कम लहान होती, पण उतारूने त्यात वाटा द्यावा की नाही, किती द्यावा, मोटारवाल्याने मागावा की उतारूने आपण होऊन पुढे करावा, हा संकोच दारातून आत आला. त्या मार्गिकेतून जाणाऱ्या मोटारींची संख्याही घटली. वेळेचा लाभ कायम होता. जे नाते आतापर्यंत विनामूल्य म्हणून निःसंदिग्ध होते ते मात्र एका डॉलरने संदिग्ध केले.

७

आता आपल्याकडे वळू. पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत एस. टी. च्या दोन फेऱ्यांमधील पोकळी ज्या जीपगाड्यांनी भरून काढली त्यांना लोक 'वडाप' म्हणतात. अन्यत्र 'काळी-पिवळी', 'टमटम' अशी नावे आढळतात. गाडी भरेपर्यंत निघत नाही, पास्कालच्या गाडीच्या नेमके उलट. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष वेधतो तो तेथील एक शब्द : 'सीट'. "कराड, कराड, एक सीट, एक सीट!" अशी आरोळी येते आणि आपण चढलो की "सीट भरली" असे ऐकू येते. बसावयाची जागा आणि बसणारा माणूस यांना एकच शब्द. माणसाचे नाव जागेवरून पडावे यात कोणास अवमान वाटेल. प्रस्तुत लेखकाला पूर्वी तसाच वाटत असे.

अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत लेखक एका तालुक्याच्या गावी रोज वडापने जात असे. पुढे त्याच वाटेने येणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आपल्या मोटारीतून येण्याचा आग्रह केला. पेट्रोलचे पैसे पुढे केले की ते म्हणत, "अहो, गाडी जातेच आहे, तुमचे काय ओझे होते?" त्यांच्या बोलण्यात तिळमात्र कृत्रिमता नव्हती. तरी महिने लोटले तसे लेखकाचे बोलणे बदलत गेले. त्यांच्या मताशी मतभेद असला तरी तो गाडीत व्यक्त होईना; विभागाच्या बैठकीतही होईना. दिवाळीला मिठाईचा पुडा दिला तर त्यांच्याकडून त्याहून मोठा पुडा आला. अखेर तासांची वेळ बदलल्याची एक खोटी सबब सांगून लेखक वडापमध्ये परतला. त्या दिवशी "एक सीट" ही आरोळी कानी पडली तेव्हा जो मोकळेपणा वाटला त्याचे कारण त्या वेळी कळले नाही. सहकारी दुखावले गेले ते गेलेच. त्यांच्या औदार्यात काही उणे नव्हते; ते औदार्य ज्यात ठेवावे असे नाव आम्हां दोघांजवळ नव्हते.

आपल्या कायद्यापुढेही हीच अडचण दिसते. 'भाडे वा मोबदला' घेऊन माणसे नेणे हे खाजगी मोटारीला वर्ज्य, असे मोटार वाहन कायद्याचे दीर्घकालीन धोरण आहे. केंद्र सरकारने २०२० साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत खाजगी मोटारींना शहरांतर्गत दिवसाला चार व शहराबाहेर आठवड्याला दोन अशा सामायिक फेऱ्यांपुरती मुभा देण्याची तरतूद होती; महाराष्ट्र शासनाने मात्र २०२३ च्या जानेवारीत अशा वापराला मनाई केली. बंदी योग्य की मुभा योग्य, याचा निर्णय करण्याचे हे स्थळ नव्हे. परवानाधारक चालकाच्या पोटाचा प्रश्न १९१५ साली जसा खरा होता तसाच तो येथेही खरा आहे. परंतु मुभेतही फेऱ्या मोजाव्या लागल्या याचा अर्थ एवढाच की धंदा आणि सोबत यांतील सीमा अद्याप शब्दाने आखता आलेली नाही, ती आकड्याने आखावी लागते.

वास्तविक मराठीत त्यासाठी एक शब्द आहे. 'भाडे' हा संस्कृत 'भाटक' पासून आला. त्यात एक मालक व एक गिऱ्हाईक असतो. 'मोबदला' हा अरबीतून आला. त्यात देवाणघेवाण असते. 'उपकार' म्हटले की एक वर व एक खाली. परंतु 'वर्गणी' म्हटले की दोघेही एका तिसऱ्या गोष्टीपुढे समान उभे राहतात. गणपतीची वर्गणी देणारा मंडळाचे गिऱ्हाईक होत नाही, आणि मंडळही त्याच्या उपकाराखाली येत नाही. वॉशिंग्टनचा मोटारवाला आणि त्याचा 'खोटे नाणे' म्हणवणारा उतारू हे दोघेही रस्त्याला वर्गणी देत होते, एक जागेची आणि दुसरा डोक्याची. सहप्रवास आरंभास येतो तो टंचाईने, महागाईने किंवा कोंडीने; टिकतो मात्र तेथेच, जेथे त्याला भाड्याचे वा उपकाराचे रूप न येता वर्गणीचे रूप येते. जिटनीला कायद्याने भाड्यात ढकलले, युद्धकाळच्या मंडळांना प्रचाराने कर्तव्यात ढकलले. दोन्ही टिकली नाहीत.

हा निष्कर्ष मर्यादित सामग्रीवर उभा आहे. तो तपासण्याचा एक मार्ग आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती सहज आहे. आपापल्या तालुक्यात सामायिक गाडीला, तिच्या चालकाला, तीत बसणाऱ्याला आणि दिल्या जाणाऱ्या पैशाला लोक कोणकोणते शब्द वापरतात, आणि पैसे न घेता नेणाऱ्याविषयी बोलताना कोणता शब्द येतो, याची टिपणे त्यांनी करावीत. असा संग्रह झाल्यास 'वडाप' सारख्या शब्दांच्या व्युत्पत्तीवर प्रकाश पडेलच. शिवाय माणसे एकमेकांशेजारी कोणत्या अटीवर बसावयास तयार होतात, हेही अधिक नेमकेपणाने सांगता येईल.